जुन्या देवळांचा अभ्यास करायचाय, पण तांत्रिक आरेखन येत नाही. आर्किटेक्चरची पदवी नसताना ते कसं शिकावं?

पदवी नसली तरी शिकता येतं. सॉफ्टवेअर मात्र नंतर. आधी टेप, ओळंबा, पेन्सिल आणि आलेख कागद घ्या. सुरुवात घरातल्याच एका खोलीपासून करा. चार भिंती मोजून भागत नाही, दोन्ही कर्णही मोजा, कारण कोपरा काटकोनात आहे की नाही ते कर्णच सांगतो. लांब भिंतीवर टेपचा शून्य एकाच जागी धरून पुढची सगळी मापं सलग वाचा. तुकड्यातुकड्यांनी मोजलं की चुका साचत जातात.

मग अंबरनाथचं शिवमंदिर घ्या (शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०). तिथला गाभारा मंडपापेक्षा खोल आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. नुसत्या तलविन्यासात (वरून पाहिल्यासारखा जमिनीचा नकाशा) हा खोलपणा कळणारच नाही, त्यासाठी छेद (वास्तू उभी कापली तर आतून कशी दिसेल ते चित्र) काढावा लागतो. छेद कुठून घ्यायचा हे ठरवताना वास्तू खरी समजू लागते, म्हणून माझ्या मते जास्तीत जास्त वेळ छेदांनाच द्या. पूर्ण देवळाला १:५०, एखाद्या खांबाला १:१० हे प्रमाण सोयीचं पडतं.

संरक्षित स्मारक असल्यामुळे मोजमापाआधी पुरातत्त्व खात्याला विचारा. आणि मूर्तींना टेप लावू नका.