धुळ्यात चिहुआहुआचं पिल्लू आणतोय. सामान काय घ्यावं आणि काळजी कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की नऊ आठवड्यांचं, साधारण 700 ग्रॅमचं चिहुआहुआ (कुत्र्यांची सर्वांत लहान जात) पिल्लू डिसेंबरात पुण्याहून धुळ्याला आणणार आहात, घरात दोन लहान मुलं आहेत आणि सामानाची यादी हवी आहे. यादी देते, पण दुकानदार सांगतो त्या क्रमाने नाही. गादी, स्वेटर, खेळणी यांच्या आधी दोन वस्तू घरात हव्यात: ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि मधाची बाटली किंवा ग्लुकोज पावडर.

कारण असं. इतक्या लहान पिल्लाच्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा नावापुरताच असतो. लॅब्राडॉरच्या पिल्लाने एक वेळ खाल्लं नाही तर फारसं बिघडत नाही. हे पिल्लू सहा-आठ तास उपाशी राहिलं, गारठलं, खेळून दमलं किंवा प्रवासाने घाबरलं तरी रक्तातली साखर उतरू शकते. आधी ते मलूल होतं, मग झोकांड्या खातं, नजर एका जागी थिजते, अंग थरथरतं आणि शेवटी झटके येतात. अशा वेळी पाव चमचा मध किंवा ग्लुकोजची दाट पेस्ट बोटाने हिरड्यांना चोळायची. तोंडात पाणी किंवा दूध अजिबात ओतायचं नाही, शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या ते थेट फुप्फुसात जातं. झटके येत असतील तर दातांमध्ये बोट घालू नका, ओठाच्या आतल्या बाजूला लावा. अंग उबदार ठेवा, शुद्धीवर येताच खाऊ घाला, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरकडे न्याच. साखर परत उतरते. मात्र रोजच्या पाण्यात ग्लुकोज कालवून ठेवू नका. त्याने साखर झटकन चढते आणि तितक्याच झटकन पडते. खरा उपाय एकच, थोडं थोडं आणि वेळेवर खाणं.

पहिला कस प्रवासातच लागेल. पुणे ते धुळे सात-आठ तास धरा. दर दोन-अडीच तासांनी गाडी थांबवून भिजवलेलं खाणं दोन चमचे द्या. गाडी लागली तर खाणं आणखी कमी, पण वारंवार.

घरी आल्यावर चार महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून पाच वेळा: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री अकरा. शेवटचं खाणं चुकवू नका, रात्रभराचा आधार तोच असतो. 700 ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला साधारण 150 ते 160 कॅलरी लागतात, म्हणजे लहान जातींच्या पिल्लांसाठीचं कोरडं पॅकेट अन्न सुमारे 40 ग्रॅम. ते पाच भागांत विभागून प्रत्येक वेळी आठ ग्रॅम, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून. आकडा पॅकेटवरच्या तक्त्याशी ताडून पाहा, कारण प्रत्येक अन्नाची ताकद वेगळी असते. पहिले आठ दिवस तेच अन्न द्या जे ते आधी खात होतं, मग नवीन अन्न रोज थोडं थोडं मिसळत जा. घर, माणसं आणि अन्न एकाच दिवशी बदललं की हमखास जुलाब होतात.

दूध-पोळीवर वाढवायचा मोह टाळा. गाईम्हशीच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात, आणि पोळीने पोट भरतं पण हाडांना हवं ते मिळत नाही. शेवभाजी, भरीत, काळ्या मसाल्याचा रस्सा ताटाच्या कडेचासुद्धा नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि इतक्या लहान जिवाला घासभर मसालाही भारी पडतो. मनुके, द्राक्षं, चॉकलेट पूर्ण बंद. केळं चालेल, नखाएवढा तुकडा. शेतीचं सामान घरात असेल तर सरकीची ढेप आणि कुंड्यांना घालायची एरंडीची पेंड कुलपात ठेवा. एरंडीची पेंड कुत्री चवीने खातात आणि ती जीवघेणी असते.

काट्यावर रोज सकाळी एकाच वेळी, पहिल्या खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. या वयात वजन चढतंच राहायला हवं. दोन दिवस सलग घटलं, किंवा 35 ग्रॅम कमी झालं, तर पिल्लू खेळकर दिसत असलं तरी दाखवून आणा. हीच वही जंतांच्या औषधाला उपयोगी पडते. ते औषध वजनावर मोजतात. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हातून दिवसभर गाई-म्हशी आणि शेळ्या जातात. त्यांना “छोटं आहे” असं न सांगता “आज 742 ग्रॅम” असं सांगा. जंतांचं औषध तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, नंतर महिन्याला एकदा सहा महिन्यांपर्यंत.

लसीचं मात्र उलट आहे. ती वजनावर नसते, पूर्ण मात्राच द्यायची. “पिल्लू लहान आहे, अर्धी देऊ” याला तयार होऊ नका. पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत चालते. रेबीजची तीन महिन्यांनंतर. लहान जातींत एकाच दिवशी जास्त लसी टोचल्या की प्रतिक्रिया येण्याची शक्यता वाढते, म्हणून रेबीज वेगळ्या दिवशी, मध्ये दोन-तीन आठवडे सोडून घ्या. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली तर तिथल्या तिथे इलाज होतो. मेडिकलमधून लस आणायला सांगितली तर बर्फाच्या डब्यात आणा, ती 2 ते 8 अंशांतच टिकते. विकणाऱ्याने दिलेल्या कार्डावर लसीचं स्टिकर आणि तारीख नसेल, नुसतीच सही असेल, तर ती लस झालेली नाही असं धरा. शेवटच्या लसीनंतर दोन आठवडे होईपर्यंत गल्लीच्या जमिनीवर सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा.

गोचिडांबद्दल कळकळीने सांगते. गोठ्यातल्या जनावरांना लावायचं अमिट्राझ घरात असतंच, आणि “पाणी जास्त घालून लावू” असं कुणीतरी सुचवतं. चिहुआहुआला अमिट्राझ वर्ज्य आहे, आणि पिल्लाला तर ते मुळीच लावायचं नाही. आधी हाताने, चिमट्याने गोचीड काढा, फवारा किंवा थेंब वय आणि वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्या. ताप आला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनही नको.

आता पडणं. या जातीची पुढच्या पायांची हाडं काडीसारखी असतात, आणि पलंगावरून किंवा मुलांच्या हातातून पडून मोडलेला पाय ही अगदी नेहमीची दुखापत आहे. शिवाय बऱ्याच पिल्लांच्या टाळूवर बाळासारखी मऊ जागा असते. तिथे टपलीही मारू नये. मुलांना एकच नियम घाला: पिल्लू घ्यायचं तर आधी फरशीवर मांडी घालून बसायचं, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. उभ्याने कुणीच उचलायचं नाही. दिवाणाला पायऱ्या लावा किंवा त्यावर चढूच देऊ नका. साठ सेंटिमीटर उंचीचं जाळीचं कुंपण घ्या, गजांमधलं अंतर अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी हवं, नाहीतर डोकं अडकतं. गच्चीच्या आणि गॅलरीच्या ग्रिलमधून हे पिल्लू सहज निसटतं, तिथे खाली जाळी बांधा. गच्चीवर घारीचीही नजर असते, एकटं सोडू नका.

पट्टा गळ्याला नको, छातीला बांधायचा हार्नेस घ्या. या जातीची श्वासनलिका नाजूक असते, ओढ बसली की खोकला सुरू होतो. हार्नेसखाली एक बोट सरकलं पाहिजे, आणि मोठा होईल म्हणून ढगळ घेऊ नका, दोन महिन्यांनी दुसरा घ्यावा लागतोच.

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा कधी कधी 6-7 अंशांवर उतरतो. मूळ मेक्सिकोच्या या जातीला आपला उन्हाळा एक वेळ सोसेल, ही थंडी सोसत नाही. गादी फरशीपासून उचलून, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, जाड टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम वाटलं तर दुसरीकडे सरकता येईल. विजेची गादी नको, वायर चावतात. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट पिल्लाच्या अंगावर येऊ देऊ नका आणि सकाळी सातनंतर डांबरी रस्त्यावर नेऊ नका.

उरलेलं सामान किरकोळ आहे: उथळ स्टीलच्या दोन वाट्या, नखं कापायचं छोटं कटर (पंधरा दिवसांनी टोकं कापा), रद्दी वर्तमानपत्रं, थर्मामीटर (101 ते 102.5 फॅरनहाइट हे नेहमीचं), तोंडात पूर्ण मावणार नाही इतकं मोठं एखादं रबरी खेळणं. शी-शूसाठी उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच कागदावर नेऊन ठेवा. या वयात दोन तासांपेक्षा जास्त धरवत नाही, चुकलं म्हणून ओरडू नका.

दात घासायला कुत्र्यांचीच पेस्ट घ्या आणि आत्तापासून बोटाने हिरड्या चोळायची सवय लावा. सहा-सात महिन्यांचं झालं की सुळे बघा. दुधाचा सुळा न पडता त्याच्या शेजारी पक्का सुळा आलेला दिसला, तर दुधाचा काढून घ्यावा लागतो. दोन्हींच्या फटीत अन्न साचून हिरड्यांचा आजार होतो आणि पक्का दात वाकडा वाढतो.