दूध तोडायला दोघांचा मशवरा लागतो

"मॅडम, घरातलं बाहेर सांगितलं तर गुनाह होत नाही ना?"

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुस्लिम बायकांचं पहिलं वाक्य हेच असतं. नवऱ्याबद्दल बोलणं म्हणजे गीबत, पाठीमागची निंदा; रडणं म्हणजे सबर, धीर सुटणं; समुपदेशकाकडे येणं म्हणजे अल्लाहवरचा भरवसा कमी पडणं, अशी ही भीती असते. पुरुष तेच वेगळ्या शब्दांत विचारतात: "आमच्या घरच्या मसल्यांना तुमचं हे मानसशास्त्र चालेल का?" इतक्यांदा ऐकलं की आज एका घराची गोष्ट लिहायलाच बसले. नावं, तपशील बदलले आहेत आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे.

रुबिना रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावातली. नवरा अकरा वर्षं कुवेतला. घरात ती, सासू आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलगा पुन्हा अंथरुणात लघवी करायला लागला होता. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

मी मुलाला विचारलं, "घरात तुझं काम काय असतं?"

"निरोप सांगायचं."

"कुणाचे?"

"दादीला सांग भाकऱ्या झाल्या. अम्मीला सांग सिलिंडर संपत आलाय."

एका स्वयंपाकघरातल्या दोन बाया नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडून बोलत होत्या. त्यातच त्याच्या कानावर आलं होतं की जूनपासून त्याला मुंबईला फुफूकडे, म्हणजे आत्याकडे ठेवायचं, इंग्रजी शाळेसाठी. बाप आणि दादीने फोनवर ठरवून टाकलं होतं. रुबिनाला ते मागाहून कळलं.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"सबर केला. याकूब नबींनीसुद्धा आपलं दुःख फक्त अल्लाहकडेच मांडलं होतं."

हे ऐकून मला बरं वाटलं. जिला आपल्या नबींच्या कथा पाठ आहेत, तिच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं ते मला शोधत बसावं लागत नाही. मी विचारलं, "आणि खौला?"

ती तिला ठाऊक नव्हती. मग मी सांगितलं. मदिन्यातली खौला बिन्त सालबा. नवरा औस याने रागाच्या भरात म्हटलं, तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे एवढं म्हटलं की बायको ना संसारात, ना मोकळी. ती थेट पैगंबरांकडे गेली आणि आपलं म्हणणं लावून धरलं. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा सांगतात की मी त्याच घरात होते, तरी तिचे काही शब्द मला ऐकू आले नाहीत. अल्लाहने मात्र ते ऐकले. कुरआनातल्या सूरह मुजादलाची, म्हणजे 58 व्या अध्यायाची, पहिली आयत तेच सांगते: नवऱ्याबद्दल तुझ्याशी वाद घालणाऱ्या त्या स्त्रीचं बोलणं अल्लाहने ऐकलं.

"म्हणजे सूरहचं नाव तिच्या भांडणावरून पडलंय?" रुबिना म्हणाली.

"हो."

त्या दिवशी ती चाळीस मिनिटं बोलली.

गीबतचा प्रश्न राहतो, त्याचंही उत्तर जुनंच आहे. हिंद बिन्त उतबा पैगंबरांना म्हणाल्या होत्या की माझा नवरा अबू सुफियान हात आखडून असतो, घरखर्चाला पुरेसं देत नाही. कुणी त्यांना गप्प बसवलं नाही. तुला आणि मुलांना रीतसर पुरेल इतकं घे, असं उत्तर मिळालं. वाट काढण्यासाठी सांगणं आणि चघळण्यासाठी सांगणं, यात उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, फार पूर्वीच फरक केलेला आहे.

रमजान ईदला नवरा रजेवर आला. आईला घेऊनच आला. बसल्या बसल्या म्हणाला, "कुरआनात पुरुषाला कव्वाम म्हटलंय, घराचा जबाबदार. मुलाचं भलंबुरं मी बघेन."

सुरुवातीच्या काळात मी अशा वाक्याशी वाद घालायचे. आता घालत नाही. जे घर ज्या ग्रंथाला मानतं, त्याच ग्रंथात आणखी काय आहे ते त्या घराला वाचू द्यायचं, ही माझी पद्धत मी अनुभवातून बसवली आहे. एक पथ्य मात्र कडक पाळते. आयत मी वाचून दाखवत नाही. एकाने दुसऱ्यावर फेकली की ती आयत दगड होते. ज्याला ती लागू आहे, त्यानेच ती वाचायची.

मी मराठी तर्जुमा त्याच्या हातात दिला. सूरह बकराह, आयत 233. तो मोठ्याने वाचू लागला. आईने पूर्ण दोन वर्षं दूध पाजावं. बापाने तिच्या अन्नवस्त्राचं पाहावं. आणि दोघांनी आपसांत राजीखुशीने, सल्लामसलतीने दूध सोडवायचं ठरवलं तर दोघांवर दोष नाही.

सासू लहानपणापासून अरबी कुरआन पढत आली होती, अर्थ कधी कुणी सांगितला नव्हता. ती म्हणाली, "परत वाच."

त्याने परत वाचलं.

"दूध तोडायला दोघांचा मशवरा?"

"हो, अम्मी."

ती तसबीचे मणी चिमटीत धरून तशीच बसली. मग सुनेकडे न बघता म्हणाली, "आणि आपण अख्खं पोर तोडायला निघालो. हिला इचारलं पण नाही."

मी तोंड उघडलं नाही. समुपदेशनात सगळ्यात जड काम हेच, अशा वेळी गप्प राहणं. बऱ्याच वेळाने नवरा बायकोकडे वळला. आईकडून नाही, मुलाकडून नाही, थेट. "तुला काय वाटतं?"

"मला तो घरी हवाय. इंग्रजी शाळेचं तुम्ही म्हणता ते चूक नाही. तालुक्याला आहे, बस गावात येते. मी चौकशी केलीय."

चौकशी महिन्याभरापूर्वीच करून ठेवली होती तिने. विचारणारं कुणी नव्हतं, एवढंच.

कुटुंब-समुपदेशनातले साल्वादोर मिनुचिन यांच्या विचारात मी घडले. नवराबायकोचं एक वर्तुळ असतं, थोरांचं वेगळं, मुलांचं वेगळं, आणि मूल मोठ्यांच्या मधला पूल झालं की ते आजारी पडतं, हे मी तिथे शिकले. पण ही आयत ऐकताना मला जे उमगलं ते त्या पुस्तकांत नव्हतं. ही आयत तलाकच्या आयतींच्या मधोमध येते. म्हणजे वेगळं होणाऱ्या दोघांनीही मुलासाठी मशवरा करावा, अशी अपेक्षा आहे. मग एकत्र नांदणाऱ्यांची सुटका कशी होईल?

तुमच्या घरात असं काही चाललं असेल तर सूरह निसाची 35 वी आयत नीट वाचा. एक हकम, म्हणजे लवाद, त्याच्या घरातला, एक तिच्या घरातला. आपल्याकडे बैठक बसते ती बहुतेकदा फक्त मुलाकडच्यांची. ती निम्मीच आयत झाली. हकम निवडताना वय नि आवाज बघू नका, कुणाला खरोखर सुलह, म्हणजे समेट, हवी आहे ते बघा. रुबिनाने थोरली बहीण निवडली, नवऱ्याने मामा. कुवेतचा फोनही आता दोनदा येतो, आईला वेगळा आणि बायकोला वेगळा.

जिथे हात उगारला जातो, तिथे मात्र यातलं काहीच करू नका. भीती असलेल्या घरात सुलहची बैठक घेणं म्हणजे मार खाणारीला पुन्हा मारणाऱ्यासमोर बसवणं. त्याला सबर म्हणत नाहीत. 181 वर फोन करा; 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे. आणि मी फतवा देत नाही. तलाक, वारसा असे प्रश्न आले की जाणत्या मुफ्तींकडे आणि वकिलाकडे पाठवते.

शेवटच्या भेटीला मुलगा एकटाच आत आला. अंथरूण अजून कधीमधी ओलं होत होतं, रोज नाही. मी विचारलं, "आता घरात तुझं काम काय?"

"मगरीबच्या नमाजाआधी कोंबड्या कोंडायच्या," तो म्हणाला. "एक लय पळते."