ओव्हरक्लॉकिंगसाठी पहिला एअर कूलर घेताना

प्रोसेसरवर बसून त्याला पंख्याच्या हवेने थंड ठेवणारा कूलर घेण्यापूर्वी आपला प्रोसेसर मुळात ओव्हरक्लॉक होतो का, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवता येतो का, ते तपासा. इंटेलमध्ये त्यासाठी सहसा नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्ड लागतो.

मग उंची पाहा. १२० मिलिमीटर पंख्याचे टॉवर कूलर बहुधा १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात, आणि कॅबिनेटची कमाल मर्यादा न पाहताच कूलर मागवल्याने बाजूची काच बंद होत नाही, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. उंच रॅम पंख्याला अडते का, आपल्या सॉकेटचे (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचे) ब्रॅकेट सोबत येते का, हेही विचारून घ्या.

नाशिकची हवा थंड म्हणून निर्धास्त राहू नका. एअर कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, त्यामुळे जानेवारीत स्थिर वाटलेले सेटिंग एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकल्यावर कोलमडू शकते. चाचणी भर दुपारी, खोलीतला पंखा-एसी बंद ठेवूनच घ्यावी.

बसवताना एवढे सांभाळा:

- कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म आधी काढा. (हसू नका, ती सर्रास राहते.)
- थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोहोचवणारा लेप) वाटाण्याएवढी पुरे.
- स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने आवळा.
- हवेचा झोत कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जाऊ द्या.

व्होल्टेजला तूर्त हात लावू नका; आधी मूळ वेगावरचे तापमान नोंदवून ठेवा.