जपानी व्यावसायिक कुस्तीतला ९ जून १९९५ चा मिसावा-कोबाशी विरुद्ध कावादा-ताउए सामना इतका का नावाजला जातो? पहिल्यांदा पाहताना काय टिपावं?

तोक्योच्या बुडोकान सभागृहातला, ऑल जपान या कुस्ती कंपनीचा हा टॅग (जोड्यांच्या) विजेतेपदाचा सामना ४२ मिनिटं ३७ सेकंद चालला. पण खरी गोम आधीच्या इतिहासात आहे. तोवर कावादाने मिसावाला एकदाही पिन केलेलं (खांदे जमिनीला टेकवून तीन मोजेपर्यंत दाबून हरवलेलं) नव्हतं, आणि त्याच जानेवारीत याच दोन जोड्यांची ६० मिनिटांची बरोबरी झाली होती. हे माहीत नसेल तर कावादाने मिसावाला पिन करण्याचा शेवट निव्वळ एक पॉवरबॉम्ब (उचलून पाठीवर आपटण्याचा डाव) वाटतो.

नजर ठेवा ती कोबाशीच्या पायावर. पाय आधीच दुखावलेला, आणि कावादा-ताउए तो हेरून झोडपत राहतात. मदतीला येणाराच लंगडा केला की मिसावा एकटा पडतो, असा साधा हिशोब. मग ताउए दोरांबाहेरच्या कडेवरून मिसावाला गळा धरून थेट खाली आपटतो. त्यानंतर मिसावा सावरतच नाही.

शेवटाकडे कोबाशीला धड उभंही राहता येत नाही, म्हणून तो पडलेल्या मिसावावर आडवा पडून स्वतःच्या अंगावर मार झेलतो. असल्या क्षणी कॉमेंट्री कळली नाही तरी चालतं, प्रेक्षकांचा आवाज पुरतो.

फक्त एक करा: हायलाइट्स बघू नका. पहिली पंधरा मिनिटं संथ वाटतील, पण पायाचं सगळं गणित तिथूनच मांडलं जातं. शेवट आवडला तर १ मे १९९८ चा तोक्यो डोमचा सामना बघा, एकेरीच्या मुख्य विजेतेपदासाठी कावादाने मिसावाला पहिल्यांदा तिथे हरवलं.