कानाला मशीन लावल्याने नोकरीत खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ४३, इंदुरातच खाजगी नोकरी, तपासणीनंतर दोन्ही कानांना मशीन सांगितलंय, पण ऑफिसात दिसेल आणि पैसे वाया जातील अशी धास्ती आहे. मी माझ्यापुरतं सांगते. मी सियागंजात एका ठोक किराणा व्यापाऱ्याकडे हिशेब आणि फोनवरच्या ऑर्डरी बघते.

माझी सगळी कथा एका ‘स’ची आहे. देवासच्या पार्टीने फोनवर साठ पेट्या सांगितल्या, मी आठ लिहिल्या. हिंदीत बोला की मराठीत, साठमधला ‘स’ गळला की आठच उरतात! ऐन दिवाळीच्या तोंडावर आठ पेट्या पोचल्या. त्यानंतर मला जे ऐकवलं गेलं, ते मात्र शब्दन्‌शब्द ऐकू आलं. शेठनी काही न विचारता फोन एका नव्या पोराकडे दिला. शेठच्या त्या वागण्याचा माझा राग अजून गेलेला नाही.

खरं तर २०२० मध्येच लक्षात यायला हवं होतं. सगळ्यांनी मास्क लावले आणि मला कुणाचंच धड कळेना. इतकी वर्षं मी लोकांचे ओठ वाचत होते, ते मलाच माहीत नव्हतं.

तपासणीच्या आलेखात माझ्या कानाची रेघ ५०० हर्ट्झपाशी, म्हणजे जाड आवाजांना, जवळजवळ ठीक होती आणि २००० च्या पुढे, बारीक आवाजांना, जिना उतरावा तशी खाली गेली होती. म्हणजे आ, ओ, ऊ पोचत होते. स, श, फ गळत होते. ‘ऐकू येतं पण कळत नाही’ ते यामुळे. अशा माणसाशी ओरडून बोललं तर आधीच ऐकू येणारे स्वरच मोठे होतात. नीट बसवलेलं मशीन तुमच्या आलेखाप्रमाणे नेमका कमी पडणारा भाग उचलतं. म्हणून ऑनलाइन मिळणारी, सगळंच सरसकट मोठं करणारी स्वस्त यंत्रं घेऊ नका.

पहिले पंधरा दिवस मात्र छळ आहे. बिलाचा कागद फाडला तरी डोक्यात करकर, पंखा म्हणजे गिरणी, आणि स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. मी दोनदा मशीन ड्रॉवरमध्ये टाकलं. मेंदूला विसरलेले आवाज परत ओळखायला काही आठवडे लागतात, आणि रोज लावलं तरच तो ओळखतो. फक्त ‘महत्त्वाच्या मीटिंगपुरतं’ लावणाऱ्यांचे पैसे खरंच वाया जातात.

आता फोन. जुन्या पद्धतीच्या फोनलाइनवर साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं काही जातच नाही, आणि ‘स’चा जोर बहुतेक त्याच्या वर असतो. म्हणजे तिथे चांगल्या कानाचा माणूसही अंदाजानेच ऐकतो. आपला अंदाज जरा जास्त चुकतो, एवढंच. माझ्या मशीनमध्ये ब्लूटूथने फोन थेट दोन्ही कानांत येतो, त्याने बराच फरक पडला. तरी आकडा मी सुटा करून परत म्हणते आणि व्हॉट्सॲपवर लिहून मागते.

गोंगाटात मशीन जादू करत नाही. आमच्याकडे दारात टेम्पो, हम्मालांची हाकाटी, आत तीन जण एकदम बोलणारे. मशीनचे माइक समोरचं जास्त पकडतात आणि मागचं दाबतात, म्हणून मी टेबल फिरवून घेतलं: पाठ रस्त्याकडे, तोंड गल्ल्याकडे. हा फुकटचा उपाय महागड्या मशीनइतकाच कामी आला. काय जमत नाही ते आठवडाभर वहीत लिहून ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे कान तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे, न्या. ‘बरोबर वाटत नाही’ एवढ्यावर ते काय बदलणार? ‘दुपारी टेम्पो उभा असताना मुनीमजींचं कळत नाही’ म्हटलं की सेटिंग करता येतं.

दिसण्याचं म्हणाल तर, दिसतं. मी अंबाडा घालते, तो काही सोडला नाही. त्याआधी न कळताच ‘हो हो’ म्हणायची आणि विनोदावर सगळ्यांच्या नंतर हसायची, तेच जास्त दिसत होतं. सांगून टाका की समोर येऊन बोला, पाठीमागून हाक मारू नका.

दिव्यांग प्रमाणपत्राचा विचार असेल तर २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढचा दोष धरतात. तुमचा आकडा अहवालात बघा.

किरकोळ, पण नडणारं: बदलायच्या बॅटरीचं मशीन असेल तर जादा सेल पर्समध्ये ठेवा, तो नेमका हिशेबाच्या वेळी संपतो. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

ऑर्डरींचा फोन मला पाच महिन्यांनी परत मिळाला, तोही मागितल्यावर. देवासची पार्टी आता आपणहूनच म्हणते, “दीदी, साठ. छह-जीरो.”