मुकादमाच्या गाडीवर बसून फडात जाऊ नका

गाळप हंगाम तोंडावर आला आहे. ऊसतोड कामगारांमध्ये राहून, त्यांच्याशी बोलून संशोधन करू पाहणाऱ्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझा पीएच.डी.चा विषय ऊसतोड मजुरांच्या कर्जाचा आहे. बीड जिल्ह्यातले एक मुकादम (मजूर जमवून कामावर नेणारे ठेकेदार) मला थेट कोल्हापूरकडच्या फडात, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या शेतात, न्यायला तयार आहेत. जाऊ का?

ओळख ठेवा, पण त्यांच्या गाडीवर बसून जाऊ नका. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मुकादमाच्या हातून मिळते, हिशेब त्याच्या वहीत असतो, खाडा (कामावर न आल्याचा दिवस) तोच मांडतो. त्याच्याबरोबर आलेली बाई म्हणजे मुकादमाची पाहुणी. तिने कर्जाचं विचारलं की ‘सगळं बरं चाललंय’ एवढंच ऐकायला मिळणार.

त्याला पूर्ण टाळणंही चुकीचं. तुम्ही परस्पर कोपीवर (मजुराच्या झोपडीवर) जाऊन बसलात, तर रात्री जाब मजुराला द्यावा लागतो. म्हणून मुकादमाला एकदा, उघडपणे, चारचौघांत भेटा. विषय साध्या शब्दांत सांगा. त्याचीही बाजू ऐकायची आहे हे सांगा, कारण तोही कारखान्याच्या किंवा वाहतूकदाराच्या पैशाखाली दबलेला असतो. आणि इकडचं बोलणं तिकडे जाणार नाही, हे दोन्हीकडे सांगा. त्यानंतर फडावर स्वतंत्र जा.

खरं तर सुरुवात फडावरून करूच नये. मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. परतल्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत ते गावी असतात. ओळख तेव्हा करा. ग्रामपंचायतीला संस्थेचं पत्र द्या, तांड्यावर नायकाला भेटा, पण ‘कोणाकोणाशी बोलायचं’ ही यादी सरपंचाला करू देऊ नका. काही गावांत सरपंच स्वतःच मुकादम असतो, नाहीतर त्याचा भाऊ तरी. एकमेकांशी लागेबांधे नसलेल्या दोन-तीन वाटांनी गावात शिरा : एक अंगणवाडीताई, एखादी जुनी टोळी (एकत्र तोडणीला जाणारा मजुरांचा गट), एखादा शाळामास्तर. एकाच ओळखीतून पुढे पुढे गेलात तर सगळी माणसं एका भावकीची, एका जातीची निघतात, आणि हे लक्षात येतं ते लिहायला बसल्यावर.

आडनाव विचारलं जाईल. ते जातीसाठीच असतं. गोलमाल उत्तर दिलंत तर चौकशी दुसरीकडून होते; सरळ सांगा. पहिल्या दोन-तीन भेटींत वही पिशवीत राहू द्या, पण आपण कशासाठी आलो आहोत हे पहिल्याच दिवशी सांगा.

फडावर कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरी टनावर असते, म्हणून तोडणी चालू असताना थांबवून विचारणं म्हणजे त्यांच्या पैशाला हात घालणं. गाडीची वाट बघत बसलेला वेळ तुमचा. तोही झोपेचा असेल तर तुमचा नाही.

प्रश्न : मुलाखतीचे पैसे द्यावेत का? ‘आम्हाला काय मिळणार’ याला काय उत्तर देऊ?

बुडालेल्या मजुरीची आणि प्रवासखर्चाची भरपाई द्यावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीने हे करू देतात. फक्त रक्कम भुरळ पाडणारी नको. अर्ध्या दिवसाची स्थानिक मजुरी हा बरा अंदाज. सगळ्यांना सारखीच, आधी सांगून, आणि बोलणं अर्ध्यावर सोडलं तरी पूर्ण द्या. मुकादमाकरवी कधीच नाही, ती उचलीत वळती होते. एका घरात साडी नि दुसऱ्याच्या पोराला दप्तर असले प्रकार टाळा. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलेलं असतं.

‘काय मिळणार’ याचं उत्तर ‘यातून तुम्हाला काही मिळणार नाही’ हेच आहे. ‘सरकारपर्यंत पोचवू’ हे वाक्य सगळ्यांत जास्त नुकसान करतं. ‘सर्व्हे’ हा शब्दही टाळा, लोकांना घरकुलाची यादी आठवते. आधार किंवा रेशनकार्डाचा फोटो काढू नका, नाव लागल्याची अपेक्षा तिथेच तयार होते. कामगार ओळखपत्रासाठी ग्रामसेवकाकडे काय द्यायचं, एवढी माहिती मात्र नक्की देता येते.

प्रश्न : बोलायला तयार असतात, पण संमतीपत्रावर अंगठा म्हटलं की उठून जातात.

अंगठा उठवला की पैसे फिटेपर्यंत सुटका नाही, असा त्यांचा उचलीचा अनुभव आहे. त्यांचं उठून जाणं शहाणपणाचंच आहे. तोंडी संमतीची परवानगी समितीकडून आधीच घेऊन ठेवा. कोण, कुठून, कशासाठी, किती वेळ, कधीही थांबवता येतं – एवढं पाच-सहा वाक्यांत त्यांच्या बोलीत सांगा आणि मग ‘आता तुम्ही मला सांगा, मी काय म्हणालो’ असं विचारा. त्यांनी सांगितलं तरच संमती. साक्षीदार लागला तर तो निष्पक्ष हवा : मुकादम नको, त्याचा नातलग नको. रेकॉर्डर त्यांच्या हातात देऊन बंद करायचं बटण दाबून बघायला सांगा. दुसऱ्या भेटीत पुन्हा विचारा, मागचं ‘हो’ आजचं नसतं.

प्रश्न : बायकांच्या आरोग्यावर काम करतेय. सासू शेजारून हलत नाही.

तिला हलवू नका. आधी तिचीच मुलाखत घ्या, तिनेही कितीतरी हंगाम मोळ्या वाहिलेल्या असतात. मग बऱ्याचदा ती आपणहून उठते. नवरा अचानक आला तर कोणत्या प्रश्नावर वळायचं (पाणी, पोराची शाळा) हे त्या ताईशी आधी ठरवून ठेवा.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेपासून सुरुवात करू नका. २०१९ मध्ये बीडमधल्या या शस्त्रक्रियांवरून राज्यभर चर्चा झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हापासून ‘पिशवी काढली का’ हे विचारणारे पुष्कळ येऊन गेले. आता त्या प्रश्नाला एकतर पाठ झालेलं उत्तर मिळतं, नाहीतर दार लागतं. पाळीत कामाला जावं लागतं तेव्हा काय करता, पाणी कुठून आणता, इथून या. पुढचं त्या सांगतील.

प्रश्न : ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द दिला होता. एकीने सांगितलं, सून सोळा वर्षांची आहे आणि तिला दिवस गेलेत. आता?

तो शब्द तुम्हाला देता येत नव्हता. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कोणाही व्यक्तीवर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लग्न झालंय म्हणून सूट नाही. पत्नी पंधरा ते अठरा वर्षांची असेल तर पतीला मिळणारी सवलत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये काढून टाकली.

आजच मार्गदर्शकाला आणि नैतिकता समितीच्या अध्यक्षांना सांगा. सहकाऱ्यांना नको, आशाताईंनाही नको, त्या त्याच गावच्या आहेत. समितीने वकिलाचा सल्ला घेऊन पुढचं पाऊल टाकावं, पण त्यात दिवस घालवू देऊ नका. रेकॉर्डिंग पुसू नका. पोलिसांत जाण्याआधी त्या मुलीला आणि सांगणाऱ्या बाईला, शक्य असेल तर, तुमच्या तोंडून कळू द्या. मुलीच्या तपासणीची आणि आधाराची सोय आधी बघा; चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वर मदत मिळते.

पुढच्या प्रत्येक मुलाखतीआधी ‘अठरा वर्षांखालच्या पोरीबद्दल असं काही कळलं तर मला ते कळवावं लागेल’ हे वाक्य बोला. काही जणी गप्प बसतील. तेवढी माहिती कमी मिळेल, ते मान्य करा.

आणि बाकीच्यांच्या गुप्ततेचं : नुसतं नाव बदलून भागत नाही. तांडा, कारखाना आणि टायर सेंटर (ऊस बैलगाडीने नेणारी टोळी) की डोकी सेंटर (मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणारी), या तिन्ही गोष्टी एका परिच्छेदात आल्या की टोळी ओळखू येते. त्यातल्या दोन गाळा.

प्रश्न : काम संपलं तरी फोन येतात. एकाने वीस हजार उसने मागितलेत.

त्याच दिवशी, फोनवर, स्पष्ट नाही म्हणा. ‘बघतो’ म्हणालात तर ते ‘देतो’ असंच ऐकलं जातं. दिलेत, तर पुढच्या गप्पा कर्जदार आणि सावकार यांच्यातल्या होतात. निघायची तारीख दोन भेटी आधी सांगायला हवी होती. निष्कर्ष सांगायला जाल तेव्हा लोक गावी असताना जा, बायकांना वेगळं बसवून सांगा, कोणाचंही वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवू नका. लग्नाचं आमंत्रण आलं तर जरूर जा. आहेर मात्र गावातले इतर करतात तेवढाच.