रीस्टार्ट : आत्ता की नंतर?

प्रश्न : राजारामपुरीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं की शेवटी ‘रीस्टार्ट नाऊ’ची चौकट येतेच. समोर गिऱ्हाईक ताटकळत असतं. ‘लेटर’ दाबलं तर काही बिघडतं का?

उत्तर : बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण ही चौकट का येते ते समजून घ्या, म्हणजे कधी टाळायची आणि कधी नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

एखादी डीएलएल (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती मदतनीस फाइल) किंवा प्रोग्रॅमची फाइल वापरात असेल, तर विंडोज तिच्यावर नवी फाइल लिहू देत नाही. मग इन्स्टॉलर नवी फाइल वेगळ्या नावाने बाजूला ठेवतो आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, नोंद करतो, की पुढच्या वेळी मशीन सुरू होताना अदलाबदल करा. ती अदलाबदल सगळ्या सर्व्हिसेस, म्हणजे मागे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, सुरू व्हायच्या आधी होते, कारण तेव्हा फाइल कोणाच्या ताब्यात नसते. थोडक्यात, फाइल आधीच मोकळी असेल तर रीस्टार्टची गरजच उरत नाही.

म्हणून सेटअप चालवण्याआधी उघडे प्रोग्रॅम बंद करा. नुसती खिडकी बंद करून भागत नाही. घड्याळाशेजारच्या बाणाखाली लपलेली चिन्हंही राइट क्लिक करून ‘एक्झिट’ करा. ब्राउझर तर सगळ्या खिडक्या बंद केल्या तरी मागे चालू राहू शकतो. तरीही सेटअपने ‘फाइल्स इन यूज’ची यादी दाखवली, तर तिथे दोन पर्याय असतात. पहिल्यात सेटअप ते प्रोग्रॅम आपणहून बंद करतो आणि काम झाल्यावर पुन्हा उघडायचा प्रयत्न करतो. दुसऱ्यात काहीच बंद होत नाही, आणि ‘रीबूट लागेल’ असं कंसात चक्क लिहिलेलं असतं. घाईत लोक दुसराच निवडतात आणि मग चौकटीच्या नावाने बोटं मोडतात. पहिला निवडा, फक्त त्याआधी उघडी कामं सेव्ह करा.

राइट क्लिकच्या मेनूत भर घालणारी सॉफ्टवेअर, म्हणजे झिप उघडणारी वगैरे, यांची फाइल एक्सप्लोररने धरलेली असते. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडा आणि ‘रीस्टार्ट’ दाबा. टास्कबार क्षणभर गायब होऊन परत येतो, उघडी फोल्डर्स बंद होतात. मशीन मात्र चालूच राहतं.

कोणती फाइल अडली आहे ते बघायचं असेल, तर रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर इथपर्यंत जा. उजवीकडे ‘पेंडिंग फाइल रीनेम ऑपरेशन्स’ दिसलं तर ते उघडून फक्त वाचा. त्यात ओळी जोडीने असतात : पहिली आत्ताच्या फाइलची, दुसरी तिच्या नव्या जागेची. दुसरी रिकामी म्हणजे ती फाइल नुसती पुसायची आहे. सगळ्या नोंदी टेम्प फोल्डरातला कचरा पुसण्याच्याच असतील, तर दुकान बंद करेपर्यंत खुशाल थांबा. नोंद स्वतः खोडू नका. निम्म्या फाइली नव्या आणि निम्म्या जुन्या राहिल्या, की पुढची डोकेदुखी मोठी.

एका ठिकाणी मात्र ‘लेटर’ महागात पडतं. जुनं सॉफ्टवेअर काढलं, रीस्टार्ट टाळलं आणि लगेच तेच पुन्हा टाकलं, तर पुसायच्या जुन्या नोंदी तशाच राहिलेल्या असू शकतात. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होताना त्या नोंदी नव्या फाइलीच पुसतात. ‘काल चालत होतं, आज उघडत नाही’ या तक्रारीमागे हे कारण असू शकतं. काढणं आणि पुन्हा टाकणं यांच्यामध्ये एक रीस्टार्ट हवाच. अँटिव्हायरस, डिस्कचा किंवा चिपसेटचा ड्रायव्हर आणि विंडोजचं सुरक्षा अपडेट, यांनी मागितला तर त्याच दिवशी द्या.

प्रश्न : रोज रात्री मशीन ‘शट डाउन’ करतो. तरी सकाळी एक सेटअप म्हणतो, ‘आधी रीस्टार्ट करा’. असं का?

उत्तर : फास्ट स्टार्टअपमुळे. विंडोज 8 पासून ही सोय आहे. शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे वर सांगितलेली अदलाबदल होतच नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ बघा. रोज बंद होणारं मशीन तिथे कित्येक दिवस चालू दिसेल. अडकलेलं काम संपवायचं असेल तर ‘रीस्टार्ट’च करा, किंवा शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा.

त्यानंतरही सेटअप हटून बसला, तर स्कॅनर किंवा प्रिंटरसोबत आलेला एखादा छोटा प्रोग्रॅम मशीन सुरू होताना दर वेळी तीच नोंद पुन्हा घालत असेल. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये तो डिसेबल करा, रीस्टार्ट करा, सेटअप चालवा आणि मग परत एनेबल करा.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत डाय बनवतो. कॉम्प्युटरवरून केबलने प्रोग्रॅम सोडत रात्रभर व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं धातू कापायचं मशीन) चालते. मध्यरात्री विंडोजने अपडेटसाठी रीस्टार्ट घेतला आणि जॉब गेला. कायमचा उपाय सांगा.

उत्तर : केबलने प्रोग्रॅम असा थोडा थोडा सोडणं म्हणजे ड्रिप फीड. त्यात मशीनच्या कंट्रोलरकडे प्रोग्रॅमचा छोटा तुकडाच असतो. कॉम्प्युटर थांबला की बफर, म्हणजे हा तुकडा ठेवायची जागा, रिकामा होतो, टूल आहे त्या जागी धातूला टेकून फिरत राहतं आणि तिथे खड्डा उमटतो. मधल्याच ओळीपासून पुन्हा सुरू करताना जी 90 (मापं एकाच शून्यापासून), जी 54 (जॉबचा शून्य), स्पिंडल आणि जी 43 सह टूल ऑफसेट (टूलच्या लांबीचा हिशोब) या आज्ञा आधी द्याव्या लागतात. त्यातलं एक जरी राहिलं तर टूलही जातं.

म्हणून हा कॉम्प्युटर ऑफिसच्या कॉम्प्युटरपासून वेगळा ठेवा आणि जॉब चालू असताना त्याला इंटरनेटच देऊ नका. उपाय जुनाट आहे, पण याच्याइतका खात्रीचा दुसरा नाही. कंट्रोलर मेमरी कार्डवरून किंवा स्वतःच्या मेमरीतून प्रोग्रॅम चालवू शकत असेल, तर ड्रिप फीड सोडूनच द्या.

इंटरनेट लागतच असेल, तर विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ हाताने भरा. हा काळ जास्तीत जास्त 18 तासांचा ठेवता येतो. रात्रपाळीसाठी दुपारी 2 ते सकाळी 8 असा भरा. बहुतेकांकडे इथे दिवसपाळीचेच तास असतात आणि रात्र उघडी पडते. लांब जॉब असेल तर ‘पॉज अपडेट्स’ही वापरा, 5 आठवड्यांपर्यंत चालतं. पण जॉब लावण्याआधी ते पान उघडून बघा. ‘रीस्टार्ट रिक्वायर्ड’ आधीच दिसत असेल, तर पॉजवर विसंबू नका, आधी रीस्टार्ट उरकून घ्या.

अपडेटचंही वेळापत्रक आहे. मायक्रोसॉफ्टची मुख्य सुरक्षा अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हणजे त्यानंतरच्या पहिल्या साप्ताहिक सुट्टीला सगळी मशीन्स एकदम उरकता येतात. महिन्याअखेरची ‘प्रिव्ह्यू’ अपडेट्स ऐच्छिक असतात, ती सोडा, एक रीस्टार्ट वाचतो. त्या दिवशी यूपीएस चालू आहे ना, ते बघा. पावसाळ्यात अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली, तर विंडोज सगळं मागे घेण्यात बराच वेळ खातं.

प्रश्न : लक्ष्मीपुरीत कर सल्लागार आहे. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं यूएसबीला लावायचं) बदललं की रिटर्नच्या ऐन मुदतीत रीस्टार्ट करावा लागतो.

उत्तर : क्रम पाळलात तर बहुधा लागणार नाही. आधी टोकन काढा. घड्याळाशेजारचं जुन्या टोकनचं सॉफ्टवेअर आणि सहीची युटिलिटी एक्झिट करा. नवा ड्रायव्हर टाका, मगच टोकन लावा. दिसलं नाही तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून ती ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि यादीतली ‘स्मार्ट कार्ड’ रीस्टार्ट करा. त्यानंतर ब्राउझर टास्क मॅनेजरमधून पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. प्रिंटर अडला तर हाच उपाय ‘प्रिंट स्पूलर’वर करा.

प्रश्न : प्रेसच्या कामासाठी नवा मराठी फाँट टाकला, रीस्टार्ट करूनही जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही.

उत्तर : फाँटला रीस्टार्ट लागत नाही, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं की पुरतं. विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून डबल क्लिकने टाकलेला फाँट फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो आणि जुन्या काही सॉफ्टवेअरना तो दिसत नाही. फाँट काढा, फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स’ निवडा. विंडोज 11 मध्ये हा पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’खाली दडलेला सापडेल.